पाच वर्षं होत आली, तरी हे त्यातून बाहेर का येत नाहीत?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "एप्रिल २०२१ मध्ये माझे सासरे कोविडने गेले. मिस्टरांनीच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. नवव्या दिवशी पहाटे फोन आला. तोवर हे स्वतः पॉझिटिव्ह, घरात कोंडलेले. अण्णांचं तोंडही बघायला मिळालं नाही. आता पाच वर्षं होत आली. हे कामावर जातात, चारचौघांत हसतात-बोलतात. पण अण्णांचा फोटो भिंतीला लावू देत नाहीत. त्या दवाखान्याच्या रस्त्याने गाडी नेत नाहीत, लांबचा वळसा घेतात. मुलीला साधा खोकला झाला तरी रात्री तीन-तीनदा उठून तिच्या बोटाला ते ऑक्सिजनचं मशीन लावतात. सासूबाई अजून विचारतात, 'शेवटी त्यांना घोटभर पाणी तरी कुणी पाजलं का रे?' तो प्रश्न आला की हे ताटावरून उठतात. हा आजार म्हणायचा का? वेळ गेला की आपोआप जाईल का? आणि घरात आम्ही हा विषय काढायचा की टाळायचा?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विषय काढायचा. कसा काढायचा ते पुढे सांगते, पण टाळायचा मात्र नाही. गेली पाच वर्षं तुम्ही सगळ्यांनी तो त्यांच्यावरच्या मायेपोटी टाळलात, हे मला कळतं. त्या टाळण्यामुळेच तो जागच्या जागी राहिला आहे.

मी मिरजेत सव्वीस वर्षं मानसोपचार करते. दुसऱ्या लाटेनंतर असे लोक येऊ लागले तेव्हा मीही पुष्कळांना सांगितलं, "थोडा वेळ जाऊ द्या, हळूहळू होईल कमी." बहुतेकांच्या बाबतीत ते खरं ठरलं. माणूस सावरतो, दहातले आठ-नऊ जण डॉक्टरकडे न जाताच सावरतात, असा माझा अनुभव आहे. पण जे उरले त्यांना मी वेळेच्या हवाली केलं, ही माझी चूक झाली. त्यातले काही दोन वर्षांनी, तीन वर्षांनी परत आले, आणि त्यांचं दुःख पहिल्या आठवड्यात होतं तेवढंच ताजं होतं. नुसती वेळ गेल्याने का भागत नाही, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. मला जे उत्तर सापडलं ते आपल्याच घरांत होतं.

आपल्याकडे एरवी माणूस गेला की काय होतं ते आठवा. बातमी लागली की माणसं दारात जमतात. पहिला येतो तो विचारतो, "कसं झालं हो?" घरातलं कुणीतरी सांगतं: रात्री जेवले, मग छातीत दुखतंय म्हणाले, मग रिक्षा बोलावली. तासाभराने मावशी येते, ती विचारते, "कसं झालं गं?" पुन्हा पहिल्यापासून. मग ऑफिसचे लोक, भाऊबंद, भिशीच्या बायका, गावाकडचे. दहाव्यापर्यंत, तेराव्यापर्यंत तीच हकीकत शंभरदा सांगून होते. पहिल्या दिवशी सांगताना शब्द फुटत नाही. चौथ्या दिवशी रडत रडत सांगता येते. दहाव्या दिवशी त्याच हकिकतीत "आणि रिक्षात बसतानाही चप्पल नीट घाल म्हणून मलाच ओरडले" असं एखादं वाक्य येतं, आणि सांगणाराही हसतो, ऐकणाराही. बौद्ध घरांत जलदान विधीला लोक जमतात, मुसलमान घरांत चाळिसाव्याला जमतात, तिथेही हेच घडतं. विधीमागची श्रद्धा आपापली. पण प्रत्येक येणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगणं, हे त्यात सगळीकडे आहे. शोक अडकून पडला की आज आम्ही जो उपचार करतो, त्याचा गाभा नेमका हाच आहे. माणसाला ती हकीकत आमच्यासमोर, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अनेकदा सांगायला लावायची.

आता तुमच्या घरात काय झालं ते बघा. अण्णा गेले त्या महिन्यात महाराष्ट्रात कोविडचा कळस होता. १८ एप्रिल २०२१ या एका दिवसात राज्यात अडुसष्ट हजारांच्या वर रुग्ण सापडले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि तुमच्यासारख्या घरांत वीस सोडा, दोनही गेली नसतील. मुलगा विलगीकरणात, सासूबाई दुसऱ्या खोलीत, तुम्ही मास्क लावून दाराबाहेर ताट ठेवताय. दारात कुणी आलं नाही. फोन आले, पण फोनवर लोक घाईने बोलायचे, कारण त्यांच्याही घरात कुणीतरी आजारी होतं. "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवायचे. "कसं झालं?" हा प्रश्न तुमच्या मिस्टरांना कुणी विचारलाच नाही. हकीकत पहिल्यांदासुद्धा सांगून झालेली नाही. ती तशीच, पहिल्या दिवसासारखी, आत आहे.

एक गोष्ट मला अजून सलते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मृतदेहाच्या हाताळणीबद्दल १५ मार्च २०२० लाच सूचना काढल्या होत्या. कर्मचाऱ्याने काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं, याला त्यात मुभा होती. स्पर्श न करता करायचे विधी, जसं मंत्र म्हणणं, पाणी शिंपडणं, यांनाही परवानगी होती. अंघोळ घालणं, मिठी मारणं तेवढं नको होतं. म्हणजे तोंड बघायला मिळू शकत होतं. कुठे माणूसबळ नव्हतं, कुठे भीती होती, कुठे ही सूचना खालपर्यंत पोचलीच नव्हती. मी कुणा एकाला दोष देत नाही, त्या दिवसांत सगळेच पाण्यात बुडत होते. पण ज्यांनी तोंड पाहिलं नाही त्यांच्या मनाचा एक कोपरा वर्षानुवर्षं म्हणत राहतो की पिशवीत दुसराच कुणी असेल. सुशिक्षित, हिशेबी, बँकेत अधिकारी असलेल्या माणसांनी खाली मान घालून मला हे सांगितलं आहे. तुमचे मिस्टर फोटो लावू देत नाहीत त्यामागेही हे असू शकतं. आपल्याकडे हार घातलेला फोटो भिंतीला लागला की माणूस गेला हे पक्कं होतं.

हा आजार आहे का, तर आता यालाही नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याचाच विचार सहा महिन्यांनंतरही रोजच्या रोज छळत असेल, त्या समाजात शोकाला जेवढा काळ सहज धरतात त्याच्या फार पुढे गेला असेल आणि माणसाच्या जगण्यात अडथळा येत असेल, तर उपचार करावेत असं त्याचं सार आहे. अमेरिकेतल्या वर्गीकरणात मोठ्यांसाठी हीच मुदत वर्षाची आहे. वर्षाची मुदत आपल्याला ओळखीची वाटेल, कारण आपलं वर्षश्राद्धही तिथेच येतं.

तुमच्या मिस्टरांना तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही, कुणी करूही नये. पण तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन वेगळे धागे दिसतात. फोटो, ताटावरून उठणं, नाव टाळणं हा अडकलेल्या शोकाचा धागा. लांबचा वळसा आणि रात्रीचं ते मशीन हा भीतीचा धागा, आघाताचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या छोट्याशा ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ वरून ९१, ९१ वरून ८६ असा उतरताना त्यांनी पाहिला आहे. त्या आकड्याने त्यांचं जग उलटंपालटं केलं. त्यांच्या शरीराने तेव्हा एक गोष्ट शिकून घेतली: आकड्यावर नजर ठेवली नाही तर माणूस जातो. आता मुलगी खोकली की उरात धस्स होतं, मशीन लावतात, ९८ दिसतं, जीव भांड्यात पडतो. तो जीव भांड्यात पडणं हीच अडचण आहे. दर वेळी सुटका झाली की मेंदू टिपून घेतो की मशीन लावलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी न लावण्याची हिंमत आणखी कमी होते. वळसा घेऊन गाडी नेण्याचंही तसंच.

तिसरा धागा तुम्ही लिहिलेला नाही, पण तो बहुधा आहे. अपराधीपणा. "मिस्टरांनीच नेलं होतं" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्या लाटेतले जेवढे मुलगे माझ्यासमोर बसले, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे असं एक वाक्य आहे. मीच नेलं. मीच बाहेरून घरात आणला. मी सही केली. मला एक इंजेक्शन मिळालं नाही. रेमडेसिव्हिरसाठी माणसं सांगली, कोल्हापूर, पुणे पालथं घालत होती, रात्र-रात्र मेडिकलच्या रांगेत उभी होती. सहापैकी चार मिळाली, दोन नाही मिळाली, आणि त्या दोन इंजेक्शनांमुळे बाप गेला असं त्यांनी मनात कोरून ठेवलं आहे. त्यांना मी एक वस्तुस्थिती सांगते, तुम्हीही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून घेतलेल्या मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आले होते. दाखल झालेल्या रुग्णांच्या मृत्यूंवर रेमडेसिव्हिरचा फारसा किंवा काहीच परिणाम दिसला नव्हता. नोव्हेंबरमध्ये संघटनेने दाखल रुग्णांना ते देऊ नये अशी शिफारसही केली. आपल्याकडे एप्रिल २०२१ ची ती धावाधाव त्यानंतरची आहे. न मिळालेल्या त्या दोन इंजेक्शनांनी बहुधा काहीच बदललं नसतं. हे ऐकून अपराधीपणा एका दिवसात जात नाही, पण कुठेतरी पहिली भेग पडते. एक जण मला म्हणाला होता, "मॅडम, हे मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर मी पाच वर्षं स्वतःला खुनी समजलो नसतो."

आता एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण गोष्ट खरी आहे. एक शिक्षिका, पन्नाशीच्या आसपासच्या. वडील मे २०२१ मध्ये गेले. माझ्याकडे आल्या त्या पोटाच्या दुखण्यासाठी. दोन पोटाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून पाठवलं होतं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "दवाखान्यातून वडिलांचं सामान मिळालं होतं का?" बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मिळालं होतं. कपाटाच्या वर आहे. अजून उघडलं नाही."

पुढच्या आठवड्यात त्या पिशवी घेऊन आल्या. भाजीची असते तसली पांढरी प्लास्टिकची पिशवी, तोंडाला चिकटपट्टी, त्यावर निळ्या मार्करने नाव आणि बेड नंबर. मार्करची शाई पुसट झाली होती. टेबलावर ठेवली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या, पिशवीपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब. त्या दिवशी आम्ही ती उघडली नाही. वडिलांना भरती केलं त्या रात्रीची हकीकत त्यांनी पहिल्यांदा सांगितली, तीही तुटक. पुढच्या तीन भेटींत तीच हकीकत, दर वेळी थोडी लांब, थोडी भरलेली. पाचव्या भेटीत त्यांनी स्वतःहून चिकटपट्टी काढली. आत मोबाइलचा चार्जर, चष्म्याची डबी, वरची कवळी रुमालात गुंडाळलेली, एक ग्लुकोज बिस्किटांचा पुडा अर्धा खाल्लेला, आणि एका पावतीच्या पाठीमागे वडिलांच्या अक्षरातली यादी: वीज बिल, पेन्शनचा दाखला, सुमीला फी. सुमी म्हणजे नात. त्या यादीकडे बघत त्या पंधरा-वीस मिनिटं रडल्या. मग म्हणाल्या, "बिस्किटं खाल्लेत म्हणजे भूक लागत होती. मला वाटत होतं पहिल्या दिवसापासून तडफडतच होते."

कोणतं औषध हे करू शकलं असतं? चार वर्षं त्यांच्या मनात वडिलांच्या शेवटच्या दिवसांचं जे चित्र होतं ते त्यांनीच, अंधारात, भीतीने काढलेलं होतं. पिशवीत खरी माहिती होती आणि ती त्या चित्रापेक्षा कितीतरी सौम्य निघाली. पोट त्यानंतरही अधूनमधून दुखायचं, पण कपाटाकडे पाठ करून झोपणं थांबलं.

तुमच्याही घरात असं काही असेल. नसलं तर दवाखान्याचा शेवटचा फोन, शेवटचा व्हिडिओ कॉल, न उघडलेली फाइल, व्हॉट्सॲपवर न ऐकलेला आवाजी निरोप. ते काय आहे आणि कुठे आहे, हे मिस्टरांना माहीत असतं.

सासूबाईंबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्या एका ओळीत आल्या आणि गेल्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा त्या दुसऱ्या खोलीत एकट्या होत्या. बांगड्या कुणी फोडल्या, की त्यांनी स्वतःच काढून ठेवल्या? कुंकू कुणी पुसलं? जवळ बाईमाणूस होतं का? आपल्या भागात कोविडने तरुण-म्हाताऱ्या हजारो बायकांचे नवरे गेले. त्यांना सरकारी कागदावर 'एकल महिला' म्हणू लागले, तरी घरात आणि गल्लीत त्यांचं स्थान जुनंच राहिलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. मला त्या ठरावाचं मोल मानसोपचाराच्या अंगाने वाटतं. नवऱ्याच्या शोकावर समाजाने दिलेली शिक्षा चढवली की शोक दुप्पट जड होतो. सासूबाईंना विचारा, हळदीकुंकवाला कुणी बोलावतं का. नसेल बोलावत, तर या संक्रांतीला तुम्ही तुमच्या घरी बोलवा आणि पहिलं वाण त्यांच्या हातात द्या.

महामारीचे मनावरचे बाकीचे परिणाम थोडक्यात. जगभराचा अंदाज असा की २०२० मध्ये नैराश्य आणि चिंता या दोन्हींचं प्रमाण सुमारे पाव पटीने वाढलं. वाढ बायकांत आणि तरुणांत जास्त होती. ज्यांना स्वतःला कोविड झाला त्यांच्यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी साडेबारा लाखांवर लोकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिलासा आणि काळजी दोन्ही आहे. चिंता आणि नैराश्याचा वाढलेला धोका एक-दोन महिन्यांत खाली आला, पण विस्मरण, लक्ष न लागणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं याचा धोका दोन वर्षांनीही जास्तच राहिला. म्हणून कुणी "पूर्वीसारखं डोकं चालत नाही" म्हणालं तर त्याला आळशी ठरवू नका, तपासणी करून घ्या. थायरॉइड, बी-बारा, झोपेतली घोरण्याची अडचण यातलंही काही निघू शकतं. तुमच्या मिस्टरांनाही संसर्ग झाला होता, तेव्हा हे लक्षात असू द्या. आणि आशाताई, परिचारिका, स्मशानातले कर्मचारी यांच्याबद्दल मला वेगळं लिहायचं आहे. ज्यांनी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार फिरून आकडे गोळा केले, त्यांच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवला नाही. २००३ च्या सार्सनंतर हाँगकाँगमध्ये बरे झालेल्या रुग्णांना अडीच वर्षांनी तपासलं तेव्हा चौघांतल्या एकाला आघाताचा आजार होता. म्हणजे साथ संपली म्हणून मनातली साथ त्याच तारखेला संपत नाही, हे कोविडच्या आधीही माहीत होतं.

माझी पणजी १९१८ च्या मानमोडीत दोन मुलं गमावून बसली होती. हे मला ती गेल्यानंतर वीस वर्षांनी, एका जुन्या वहीत नावं सापडली म्हणून कळलं. तिने कधी ती नावं घेतली नाहीत. वर्षातल्या एका ठरावीक दिवशी ती जेवायची नाही, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण कुणी विचारलं नाही.

आता करायचं काय. एखाद्या निवांत रविवारी, सासूबाई आणि मुलगी घरात नसताना, मिस्टरांना म्हणा, "त्या नऊ दिवसांत तुमच्या बाजूने काय काय झालं ते मला अजून माहीत नाही. मला ऐकायचंय." एवढंच. ते उठून गेले तर जाऊ द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणा. बोलू लागले तर मध्ये समजूत घालू नका. "तुम्ही सगळं केलंत", "नशिबात होतं", "अण्णा सुटले" ही वाक्यं प्रेमाची आहेत, पण ती बोलणाऱ्याचं तोंड बंद करतात. त्याऐवजी विचारा: मग? तेव्हा किती वाजले होते? तुम्ही कुठे उभे होता? जिथे अडखळतील तिथे थांबा, पुढच्या वेळी तिथून चालू होईल.

मशीन एकदम काढून घेऊ नका, भांडण होईल. तीनदाचं दोनदा, मग एकदा, मग ताप असेल तरच, मग डॉक्टर सांगतील तेव्हाच. दर पायरीवर त्यांना अर्धा-पाऊण तास बेचैनी होईल आणि मग ती उतरेल. ती मशीनशिवाय उतरते हे शरीराला कळणं हाच उपचार. रस्त्याचंही तसंच: आधी त्या चौकापर्यंत, तुम्ही शेजारी बसून.

जो विधी राहिला तो आजही करता येतो. सर्वपित्री अमावास्येला करा, नाहीतर अण्णांच्या वाढदिवसाला करा. श्रद्धा नसेल तर विधी नको, पण माणसं बोलवा. अण्णांचे मित्र, भाऊबंद, ज्यांना तेव्हा येता आलं नाही ते सगळे. जेवू घाला आणि प्रत्येकाला अण्णांची एक आठवण सांगायला सांगा. मी हे सुचवलं त्या घरांमध्ये पहिला अर्धा तास अवघड जातो, आणि मग थांबवणं कठीण होतं.

हे घरच्या घरी जमलं नाही तर उपचार घ्या. साधारण चार महिने, आठवड्याला एक अशा सोळा बैठकींची शोकावरची खास पद्धत आहे. पुष्कळ ठिकाणी तिचे सगळे टप्पे पाळले जात नाहीत, पण गाभा हाच: सांगणं, टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जाणं, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलणं, आणि पुढच्या आयुष्याचंही काही ठरवणं. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील ही भीती काढून टाका. सोबत नैराश्य असेल, झोप-भूक गेली असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होतो, त्यांची चटक लागत नाही, आणि योग्य वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद करता येतात. पण नुसत्या गोळीने अडकलेला शोक सुटत नाही. अमेरिकेत ३९५ लोकांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: शोक हलला तो बोलण्याच्या उपचाराने, आणि त्या उपचाराला गोळीची जोड दिली तेव्हा सोबतचं नैराश्य जास्त कमी झालं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत, त्यांची सवय लागते. दारू वाढली असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. "मी नसलो तर बरं" अशा अर्थाचं काहीही त्यांच्या तोंडून आलं तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा, आणि तोवर त्यांना एकटं ठेवू नका.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. दुसऱ्या लाटेत मी आठ आठवडे एका कोविड वॉर्डात होते. नातेवाइकांना फोन करणं आणि जागे असलेल्या रुग्णांशी बोलणं हे माझं काम. अण्णा माझ्या वॉर्डात नव्हते, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी शपथ घेऊ शकत नाही. मी जे पाहिलं ते सांगते. मास्क काढता येत नसलेल्या माणसालाही मावशी क्षणभर मास्क उचलून चमच्याने पाणी घालायच्या, आणि "घ्या बाबा, घ्या आई" असं म्हणायच्या. नळी घातलेल्या रुग्णाला पाणी पाजता येत नाही, पण ओल्या कापसाने त्याचे ओठ, जीभ, तोंड पुसायचं, हे सिस्टरच्या प्रत्येक पाळीचं नेमून दिलेलं काम असतं. एका सिस्टरवर बारा-पंधरा रुग्ण होते, एखादी पाळी चुकलीही असेल. पण रात्री तीन वाजता, कवच घातलेल्या अवस्थेत घामाने निथळत, कुणी बघत नसताना, त्या मुली हे करत होत्या. मी बघितलं आहे.

दवाखान्यात अण्णांच्या केसपेपरची प्रत मागून बघा. दाखल रुग्णांचे कागद निदान तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. आता ती मुदत उलटली असली तरी काही ठिकाणी ते मिळतात. त्यात सिस्टरच्या नोंदींचं पान असतं. मिळालं तर एकट्याने वाचू नका, मिस्टर आणि तुम्ही मिळून, आणि जमलं तर डॉक्टरांना शेजारी घेऊन वाचा. त्यात 'तोंडाची निगा' अशा अर्थाची नोंद आणि पुढे वेळ लिहिलेली असते. ती सापडली तर त्या वेळेसकट सासूबाईंना सांगा. नाही सापडली तर मी वर जे पाहिलेलं लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा. आणि हे काम मिस्टरांना करू द्या. तो प्रश्न त्यांच्या आईने त्यांनाच विचारला आहे.